टर्कीच्या शिकारीसाठी पहिली शॉटगन: कुठली घ्यावी आणि का

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींमध्ये शिकारीचा परवाना काढणारे आता अधूनमधून भेटतात. सुरुवात बहुधा मासेमारीपासून होते. मग ऑफिसातला एखादा स्थानिक सहकारी एप्रिलमध्ये टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीला सोबत नेतो, झुंजूमुंजू होताना झाडावरून नराची साद ऐकू येते, आणि घरी पोचेपर्यंत डोक्यात एकच प्रश्न घोळत असतो: बंदूक कुठली घ्यायची?

उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे घाईतल्या वाचकांची सोय होईल. २० गेजची (गेज म्हणजे नळीच्या जाडीचं माप), ३ इंची काडतूस घेणारी पंप शॉटगन, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे सरकवून काडतूस भरायची छऱ्यांची बंदूक. नळी २२ ते २४ इंच. चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी छरे आवळणारा भाग, बदलता येणारा. वर रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायची साइट) बसवायला भोकं तयार असलेली. नवी घेतली तर साधारण ४०० ते ६०० डॉलरमध्ये काम होतं. खिशात याहून जास्त पैसे असतील तर ते बंदुकीत घालू नका. काडतुसं, चोक आणि सरावाच्या कागदांत घाला. टर्कीची बंदूक म्हणजे सगळ्यात मोठी आणि खांदा निखळवणारी बंदूक, हा समज दुकानांच्या काउंटरवर अजून ठाण मांडून बसलेला आहे. नवख्या माणसाचं त्याने फार नुकसान होतं.

हे सगळं अर्थातच अमेरिकेपुरतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा सुट्टीत गावी गेल्यावर मामाच्या बारा बोअरवर हात साफ करायचे बेत मनातच ठेवा.

१. आधी कागदपत्रं, मग काउंटर

नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांची वाट, राज्याचे नियम सोडले तर, सरळ आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर असाल तर हा भाग दोनदा वाचा. संघीय कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, एक काडतूससुद्धा जवळ बाळगायला मनाई आहे. याला मोजके अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. म्हणून क्रम ठरलेला: आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना, मग बंदूक.

यातली मेख लोकांच्या लक्षात येत नाही. परवाना बहुतेक ठिकाणी वर्षाचा असतो. तो संपला, नवा काढायचा राहून गेला आणि बंदूक कपाटात तशीच पडून आहे, तर अपवादही संपला. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हा धोका परवडणारा नाही. नूतनीकरणाची तारीख व्हिसाच्या तारखेइतक्याच काळजीने फोनमध्ये टाकून ठेवा, आणि खरेदीआधी आपल्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा. काही दुकानदार व्हिसावाल्यांना विकायला सरळ नकार देतात. तो त्यांचा हक्क आहे, तिथे वाद घालत बसू नका.

दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, तुमची पार्श्वभूमी तपासली जाते, मग बंदूक हातात. संघीय कायद्याने परवानाधारक दुकानातून शॉटगन घ्यायला वय १८ पूर्ण लागतं. त्यावर प्रत्येक राज्याचं आपापलं निराळं. इलिनॉयमध्ये आधी एफओआयडी कार्ड (बंदूक बाळगणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र) काढावं लागतं, न्यू जर्सीत खरेदीसाठी वेगळं ओळखपत्र लागतं, कॅलिफोर्नियात पैसे भरल्यावर १० दिवस थांबावं लागतं. वसंतातला हंगाम बहुतेक राज्यांत मार्चअखेर ते मे या काळात येतो. तेव्हा ही धावपळ जानेवारीत सुरू करा, एप्रिलमध्ये नाही.

परवान्याबरोबर राज्याची शिकारीची पुस्तिका मिळते, ऑनलाइनही असते. त्यातली टर्कीची पानं बंदूक घेण्याआधी वाचायची. छऱ्यांचा कुठला आकार चालतो, बंदुकीत एका वेळी किती काडतुसं मावली तर चालतील (बऱ्याच राज्यांत ३, त्यासाठी नळीखालच्या मॅगझिनमध्ये दांडी घालावी लागते), परमिट सोडतीने मिळतं की थेट, हे सगळं तिथे असतं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाची काडतुसं चालत नाहीत. बे एरियातल्या मंडळींनी पुढचा काडतुसांचा भाग हे लक्षात ठेवूनच वाचावा.

२. हा पक्षी मारतात कसा, ते समजून घ्या

बदकावर किंवा मातीच्या उडत्या तबकडीवर शॉटगन चालवताना नळी लक्ष्याबरोबर फिरवत, अंदाज घेत मारायचं असतं. टर्कीचं तसं नाही. तुम्ही खांद्यापेक्षा रुंद झाडाला पाठ टेकून जमिनीवर बसलेले असता, बंदूक गुडघ्यावर, अंगभर कॅमो, म्हणजे झाडाझुडपांत मिसळून जाणारे कपडे, चेहऱ्यावर जाळी. तोंडाने किंवा डबीने मादीचा आवाज काढता. नर चालत येतो, कधी पाच मिनिटांत, कधी दीड तासाने. त्याची नजर भयंकर तेज असते. पापणी हलली तरी टिपतो म्हणणारे लोक फार अतिशयोक्ती करत नाहीत. तो २० ते ४० यार्डांवर आला आणि मान वर केली की एकच बार. तोही अंगावर नाही, मानेवर आणि डोक्यावर.

अंगावर का नाही? पूर्ण वाढलेला पूर्वेकडचा नर ८ ते १० किलोचा असतो. छातीवर पिसांचा जाड थर, त्याखाली स्नायू, वर पंखांची हाडं. छरे तिथे अडकतात, पक्षी जखमी होऊन पळून जातो आणि दोन दिवसांनी कुठेतरी झुडपात मरतो. मानेचा कणा आणि मेंदू यांना चार-पाच छरे लागले की तो जागीच पडतो. म्हणजे तुमचं खरं लक्ष्य हाताच्या पंजाएवढ्या उंचीचं आणि दोन-तीन बोटं रुंद आहे, आणि ते हलतं.

कॉलेजात एनसीसीला पॉइंट टू टू रायफल चालवली असेल तर ती सवय इथे उपयोगी पडते. श्वास रोखणं, नेम स्थिर धरणं, चाप झटक्याने न ओढता दाबत नेणं. टर्कीची शॉटगन म्हणजे रायफलसारखी वापरायची शॉटगन, असं धरून चाललात तर पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात.

३. गेज आणि काडतूस: खरा खेळ इथे आहे

गेज जितका मोठा तितकी नळी बारीक. एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात बसेल ती १२ गेज. आपल्याकडे हीच बारा बोअर. २० गेजची नळी त्याहून अरुंद. .४१० हा आकडा मात्र गेज नाही, नळीचा व्यास आहे, इंचांत.

जुना हिशेब सोपा होता. काडतुसात शिसं जितकं जास्त तितके छरे जास्त, म्हणून १२ गेज, आणि तीही साडेतीन इंची. टंगस्टनने हा हिशेब उलटापालटा केला. टीएसएस नावाने मिळणारे टंगस्टनचे छरे शिशापेक्षा दीडपटीहून अधिक घन असतात: शिसं एका घन सेंटिमीटरला साधारण ११ ग्रॅम, टीएसएस १८. छरा जितका घन तितका तो लहान असूनही खोल शिरतो. ९ नंबरचा टीएसएस छरा जेमतेम २ मिलिमीटरचा असतो, पण भेदण्यात शिशाच्या ५ नंबरच्या, म्हणजे ३ मिलिमीटरच्या छऱ्याला तो हार जात नाही.

आता मोजा. शिशाचे ५ नंबरचे छरे एका औंसात साधारण १७० भरतात. ९ नंबरचे टीएसएस ३६०. १२ गेजच्या ३ इंची काडतुसात पावणेदोन औंस शिसं म्हणजे ३०० च्या आसपास छरे. २० गेजच्या ३ इंची काडतुसात दीड औंस टीएसएस म्हणजे ५४०. लहान बंदूक, कमी वजन आणि छरे पावणेदोन पट. चिमुकल्या .४१० मध्येसुद्धा टीएसएस घातलं तर ती १२ गेजच्या शिशाच्या काडतुसाची बरोबरी करते, आणि म्हणूनच दहा-बारा वर्षांच्या पोरांना घेऊन जाणारे आई-बाप आज .४१० निवडताना दिसतात.

दुसरी बाजू किमतीची. टीएसएसची ५ काडतुसांची पेटी साधारण ४० ते ६० डॉलरला पडते, म्हणजे एक बार ८ ते १२ डॉलरचा. शिशाचा २-३ डॉलरचा. पण टर्कीच्या अख्ख्या हंगामात तुम्ही बार किती काढणार? एक, दोन. सराव स्वस्त काडतुसांवर करायचा, महाग पेटी नेम पडताळायला आणि शिकारीला. या खर्चाची कुरकुर करणारा माणूस त्याच दमात १,८०० डॉलरची इटालियन सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप भरणारी बंदूक) घ्यायला निघालेला असतो, याची मला गंमत वाटते.

मग १२ गेज अजिबात घेऊ नये का? घ्या, जर एकाच बंदुकीने बदक, ससा, तबकड्या असं सगळं करायचं असेल. फक्त साडेतीन इंची काडतुसाच्या वाटेला जाऊ नका. त्याचा धक्का हरणाच्या शिकारीतल्या नेहमीच्या ३०-०६ रायफलच्या दुपटीहून जास्त असतो. नवखा माणूस असे दोन बार खातो आणि तिसऱ्याला चाप ओढायच्या आधीच त्याचे डोळे मिटतात. ही सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही.

शिसंच वापरायचं ठरवलंत तर ४, ५ किंवा ६ नंबर घ्या आणि अंतर आवरतं ठेवा. शिशावर बंदी असलेल्या राज्यात टीएसएसला स्टील हा स्वस्त पर्याय दिसतो, पण स्टील शिशाहूनही बरंच हलकं. त्याने मारायचं तर पक्षी आणखी जवळ येऊ द्यायला हवा.

आणि एक धोक्याची सूचना, घरात दोन गेजच्या बंदुका असतील त्यांच्यासाठी. २० गेजचं काडतूस चुकून १२ गेजच्या चेंबरमध्ये (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत) गेलं तर ते पुढे सरकून नळीत अडकतं. काही वाजलं नाही म्हणून माणूस मागे १२ चं काडतूस भरतो आणि चाप ओढतो. नळी फुटते, हातासकट. २० गेजची काडतुसं पिवळी करतात ती याच कारणासाठी. जाकिटाच्या एका खिशात दोन रंग कधीही नकोत.

४. चोक

नळीच्या तोंडाशी आतून किंचित अरुंद केलेला भाग म्हणजे चोक. तो छरे एकत्र ठेवतो, म्हणजे झुंड पसरायला उशीर लागतो. आजच्या बंदुकांत तो आट्यांवर फिरवून बदलता येतो. मोकळ्यापासून आवळलेल्यापर्यंत क्रम असा: सिलिंडर, इम्प्रूव्हड सिलिंडर, मॉडिफाइड, फुल आणि मग खास टर्कीसाठीचा एक्स्ट्रा फुल. १२ गेजची नळी ०.७२९ इंचांची असते. टर्की चोकचं तोंड बहुधा ०.६५५ ते ०.६७५ च्या दरम्यान.

आवळलेला तितका चांगला, असं मात्र नाही. शिशाला घट्ट चोक मानवतो. टीएसएस इतकं कठीण असतं की ते मुळातच फारसं पसरत नाही. त्याला थोडा मोकळा चोक पुष्कळदा जास्त एकसारखी झुंड देतो. स्टील तर घट्ट टर्की चोकमधून मारूच नका, चोक आणि नळी दोन्ही खराब होतात. चोकवर किंवा त्याच्या डबीवर काय चालतं ते लिहिलेलं असतं. काडतुसाच्या पेटीवरही असतं. दोन्ही वाचा.

चोकचे आटे कंपनीगणिक वेगळे असतात. ऑनलाइन मागवताना बंदुकीचं नाव, मॉडेल आणि गेज तिन्ही जुळवा. चोक काढून ठेवून नुसत्या नळीने कधी मारू नका, आट्यांची वाट लागते.

टर्कीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बंदुकांबरोबर एक टर्की चोक येतो. तो आधी वापरून बघा. ६०-८० डॉलरचा वेगळा चोक लागेल की नाही, हे पुढे कागदच सांगेल.

५. पंप, सेमी-ऑटो की एकबारी

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. एकच बार काढायचा आहे, त्यामुळे बार लवकर भरण्याची शर्यत नाही.

पंप स्वस्त, दणकट, साफ करायला सोपी. रेमिंग्टन ८७० ही १९५० पासून बनते आहे आणि १ कोटीहून जास्त खपली आहे; मॉसबर्ग ५०० तिची कायमची सवत. मॉसबर्गची सेफ्टी, म्हणजे चाप अडवून ठेवणारी कळ, वर, अंगठ्याशी असते. ८७० ची चापाच्या मागे, आडवी दाबायची. डावखुऱ्यांना मॉसबर्ग सोयीची पडते. सेमी-ऑटो, विशेषतः बार उडाल्यावरच्या गॅसवर चालणारी, धक्का कमी करते, पण किंमत दुप्पट-तिप्पट. एकबारी, म्हणजे मोडून भरायची बंदूक, हा गरिबाचा आणि शहाण्याचा पर्याय आहे. स्टीव्हन्स ३०१ सारखी .४१० किंवा २० गेजची एकबारी २०० डॉलरच्या घरात मिळते, वजनाला हलकी, आणि तिच्यात काडतूस आहे की नाही हे लांबूनही दिसतं.

जुनी बंदूक घ्यायलाही हरकत नाही. नळीच्या बाजूला कोरलेला मजकूर वाचा: चेंबर पावणेतीन इंची आहे की ३ इंची? पावणेतीनच्या चेंबरमध्ये ३ इंची काडतूस कधीकधी बसतं, पण उडवलं तर दाब भलताच वाढतो. नळी आतून गंजलेली, बाहेरून दबलेली असेल किंवा चोक जागच्या जागी घट्ट गच्च बसून हलत नसेल, तर सोडून द्या. अशा बंदुका पुन्हा मिळतात.

६. दुकानात जमिनीवर बसा

लोक बंदूक उभ्याने खांद्याला लावून बघतात, खूश होतात आणि घेऊन जातात. तुम्ही ती बसून वापरणार आहात. विक्रेत्याला सांगून बंदूक रिकामी आहे याची दोघांनी खात्री करा, आणि कोपऱ्यात बसायची परवानगी मागा. चांगला विक्रेता हसणार नाही, उलट माणूस कामाचा आहे हे त्याला कळेल.

उजव्या हाताचे असाल तर डावा खांदा लक्ष्याकडे येईल असं तिरकं बसा, डावा गुडघा उभा करा आणि बंदूक त्यावर टेकवा. दस्ता खांद्याला, गाल दस्त्याला. डोळे मिटा, आरामात बसा, मग उघडा. डोळा सरळ साइटमागे आला पाहिजे. मान ताणावी लागली किंवा गाल उचलावा लागला तर ती बंदूक तुमची नाही. आता त्याच स्थितीत दोन मिनिटं थांबा. शेवटच्या तीस सेकंदांत हात थरथरायला लागला तर वजन जास्त आहे. २० गेज पावणेतीन-तीन किलोच्या आत बसते, १२ गेज त्याहून अर्धा किलो जड.

मग दस्त्याची लांबी. चाप ते दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर बहुतेक बंदुकांत १४ इंचांच्या आसपास असतं, आणि ते अमेरिकन सहा फुट्या पुरुषाच्या मापाने ठरलेलं आहे. सव्वापाच फुटांच्या आपल्या माणसाला, त्यातून जाड जाकीट घातल्यावर, ते लांब पडतं. दस्ता बगलेत अडकतो, नेम खाली जातो. कंपन्या कॉम्पॅक्ट किंवा यूथ म्हणून १२-१३ इंची दस्त्याच्या बंदुका काढतात. खोक्यावर यूथ लिहिलंय म्हणून कमीपणा मानू नका. काही मॉडेलांत दस्त्याला मधे चकत्या घालून लांबी कमी-जास्त करता येते. घरात नवरा-बायको दोघं वापरणार असतील तर अशीच घ्या.

नळी २४ इंचांपेक्षा लांब नको. लांब नळीने छरे काही फारसे जास्त जोरात जात नाहीत, फांद्यांत अडकते मात्र. रंग मॅट असावा, कॅमो असलाच पाहिजे असं नाही. चकचकीत निळसर पॉलिशवर सकाळचं ऊन पडलं की पक्षी आल्या पावली परत जातो, पण तिला कॅमो टेप गुंडाळली तरी भागतं. गळ्यात अडकवायच्या पट्ट्यासाठी कड्या हव्यात. डोंगर चढताना हात मोकळे लागतात, आणि परतताना नशीब असेल तर पाठीवर पक्षी असतो.

७. साइट

नळीच्या टोकावरचा नुसता मणी बदकाला ठीक आहे. टर्कीला दोन कारणांनी अपुरा पडतो. मणी बघताना गाल दस्त्यावरून जरा उचलला गेला की नेम वर जातो, आणि नेमका पक्षी समोर आल्यावर सगळ्यांचाच गाल उचलला जातो. दुसरं, पुष्कळ शॉटगन मुळातच नेमापासून चार-सहा इंच इकडेतिकडे मारतात. पसरट झुंडीत ते लपून जातं, टर्की चोकच्या घट्ट झुंडीत नाही.

म्हणून बदलता येणारी साइट हवी. मागेपुढे फायबर ऑप्टिकची जोडी स्वस्तात मिळते. माझा कौल रेड डॉटला. ठिपका जिथे, छरे तिथे. गाल किंचित इकडेतिकडे झाला तरी फारसं बिघडत नाही. पहाटेच्या अंधुक उजेडात ठिपक्याची तेजी कमी ठेवा, नाहीतर लाल चकाकीत पक्ष्याचं डोकंच दिसेनासं होतं. बॅटरी दर हंगामाला नवी.

८. कागदावर मारून बघा

हा टप्पा लोक टाळतात, आणि खरं तर बंदुकीची निवड इथे पूर्ण होते. तीच बंदूक, तोच चोक, पण काडतुसाचा ब्रँड बदलला की झुंड बदलते. कुठली जोडी जमेल हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही, विकणारा तर नाहीच.

रेंजवर जाण्याआधी विचारा, सगळ्या रेंज शॉटगनचे छरे मारू देत नाहीत. सोबत तीन फूट बाय तीन फुटांचे कागद, मार्कर, कानांना आणि डोळ्यांना संरक्षण, आणि बंदूक टेकवायला वाळूच्या पिशव्या. पहिल्यांदा २० यार्डांवर, साध्या हलक्या काडतुसांनी, साइट जुळवून घ्या. झुंडीचा मधला भाग नेमाच्या जागी आला की महाग पेटी उघडायची.

आता ४० यार्ड. कागदाच्या मधोमध ठिपका काढा, त्यावर नेम धरा, एक बार. कागद आणा, छरे सगळ्यात दाट जिथे पडलेत तिथे १० इंच व्यासाचं वर्तुळ काढा आणि आतली भोकं मोजत बसा. मोजलेल्या भोकावर मार्करने टिंब करत गेलात तर घोळ होत नाही. शिकारी मंडळींचा प्रघात असा की वर्तुळात निदान १०० भोकं हवीत. टीएसएस दुपटीने देतं. पण आकड्यावर भाळू नका. वर्तुळात मुठीएवढी मोकळी जागा राहिली असेल तर पक्ष्याची मान नेमकी तिथे बसू शकते. वर्तुळ ठिपक्याभोवती आलंय ना, हेही बघा. एका बारावरून निष्कर्ष नको, प्रत्येक जोडीचे दोन-तीन कागद करा आणि त्यावर काडतूस, चोक, अंतर लिहून ठेवा. १०० भरत नसतील तर ३५ वर मारा, मग ३० वर. जिथे भरतात ती तुमची हद्द. शेजाऱ्याची बंदूक ६० वर मारते ही त्याची गोष्ट त्याच्यापाशी.

शेवटी एक कागद १० यार्डांवर लावा. हा कागद बघून माणूस गप्प होतो: सगळे छरे मिळून संत्र्याएवढं एकच भोक. इतक्या जवळ शॉटगनही रायफलसारखीच चुकते, आणि घट्ट चोक व टीएसएस घेणारे लोक पक्षी चुकवतात तो बहुधा लांबचा नाही, अगदी पुढ्यात आलेला.

नेम कुठे धरायचा तेही कागदावरच पक्कं करा. टर्कीच्या डोक्याचे चित्र छापलेले कागद मिळतात. डोक्यावर नाही, मानेच्या मध्यावर धरा, लाल खडबडीत कातडी संपून पिसं सुरू होतात त्याच्या जरा वर. पिसारा फुलवून मान आखडून घेतलेल्या नरावर मारू नका. हलकासा आवाज द्या, तो मान उंच करतो, तेव्हा.

९. रानात आणि नंतर

चालताना चेंबर रिकामं, झाडाला टेकून बसल्यावरच काडतूस आत. लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको, मोजेसुद्धा नाहीत. नराच्या डोक्याचे रंग तेच आहेत, आणि झुडपापलीकडे बसलेला दुसरा शिकारी त्याच रंगांची वाट बघतोय. टर्कीचा आवाज आला म्हणून त्या दिशेने सरपटत जाऊ नका, आवाज काढणारा माणूस असू शकतो. दाढी (छातीवर लोंबणारा केसांसारखा झुपका) आणि डोकं दोन्ही दिसल्याशिवाय बोट चापावर नको. वसंतात बहुतेक राज्यांत फक्त नर किंवा दाढीवाला पक्षीच मारता येतो. मेलेला पक्षी नारिंगी पिशवीत घालून आणा.

घरी आल्यावर मानेकडचं मांस नीट चाचपून घ्या. शिशाचा छरा दाताखाली दबतो, टंगस्टनचा दबत नाही, दात तुटतो. मालवणी मसाल्यात दोन तास शिजवलेल्या मांडीच्या सागोतीला त्याने गालबोट लागायला नको. बंदूक पुसून, तेलाचा हात देऊन कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. बंदूक आणि काडतुसांच्या किमतीत जो ११ टक्के संघीय कर तुम्ही भरता तो १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जातो. एकेकाळी न्यू जर्सीतून हा पक्षी साफ नाहीसा झाला होता, १९७७ मध्ये तो पुन्हा आणून सोडला. आज एडिसनहून तासाभराच्या अंतरावर तो ऐकू येतो.

भारतात जाणाऱ्यांसाठी एक शेवटची गोष्ट. शिकारीला वापरलेली पाठपिशवी किंवा जाकीट विमानप्रवासाला घेऊ नका. कोपऱ्यात राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसलं की १९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि मग चुकून राहिलं हे पटवून देईपर्यंत सुट्टी संपते. दुसरी पिशवी नसेलच तर सगळे कप्पे, चेनच्या आतली अस्तरं आणि पाण्याच्या बाटलीचे खिसे उलटे करून, उजेडात हाताने चाचपून बघा.